शटरच्या कडा

स्वयंपाकघरातल्या कपाटांना कोणतं फिनिश द्यावं, हा प्रश्न सातारा-सांगली भागात घर बांधणाऱ्या किंवा फ्लॅट घेणाऱ्या बहुतेक कुटुंबांत आता येतोच. पूर्वी कडाप्प्याचा ओटा, त्याखाली कडाप्प्याचेच कप्पे आणि फार तर त्यांना दारं, एवढ्यात काम भागायचं. मग त्या कप्प्यांत स्टीलच्या ट्रॉल्या आल्या, दर्शनी भागाला सनमायका आली, आणि आता ॲक्रिलिक, पीयू, मेंब्रेन, व्हिनिअर, लॅकर्ड ग्लास ही नावं तालुक्याच्या गावातल्या दुकानदारालाही तोंडपाठ असतात. निवड मात्र अजून जुन्याच पद्धतीनं होते. चार इंचांचा नमुना हातात घ्यायचा, उजेडाकडे धरायचा, त्यावरून बोट फिरवायचं आणि रंग ठरवून टाकायचा. ही कपाटं बनवण्याच्या, आणि त्याहून जास्त ती पुन्हा उघडून दुरुस्त करण्याच्या कामातून माझं मत वेगळं झालं आहे. फिनिश किती वर्षं टिकणार हे शटरच्या कडेवर ठरतं, चेहऱ्यावर क्वचितच. दुरुस्तीला येणाऱ्या शटरचा चेहरा बहुतेक वेळा धडधाकट असतो. फुगलेली असते ती खालची कड, सुटलेली असते ती बाजूची पट्टी, काळवंडलेली असते ती आतली बाजू. म्हणून रंग आणि चमक यांच्या आधी विचारायचा प्रश्न असा आहे: हे फिनिश कडेपाशी येऊन कसं संपतं?

सिंकखालच्या कपाटाचं दार जवळून पाहिलं की याचा उलगडा होतो. भांडी घासताना पाणी ओट्याच्या पुढच्या कडेवरून निथळतं. ग्रॅनाइटला खालच्या अंगानं पाणी तोडणारी खाच मारलेली नसेल, तर ते दगडाच्या पोटाला धरून आत सरकतं आणि शटरच्या वरच्या कडेवर उतरतं. उरलेलं दर्शनी भागावरून ओघळत खाली जातं आणि खालच्या कडेला थेंब होऊन लोंबत राहतं. पुसणारा हात चेहऱ्यावरून फिरतो, कडेच्या खाली जात नाही. तो थेंब रात्रभर तिथेच असतो, सकाळी त्यात नवा मिळतो. आत एमडीएफ असेल तर त्याची घडण अशी की दोन्ही पृष्ठभाग घट्ट दाबलेले आणि मधला गाभा त्या मानानं सैल. कडेला नेमका हा सैल गाभाच उघडा पडतो. तिथून पाणी आत गेलं की तंतू फुगतात, आणि वाळल्यावर ते मूळच्या जाडीला परत येत नाहीत. प्लाय असेल तर कडेला लाकडाच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात, आणि लाकूड आडव्या अंगापेक्षा या तोंडांतून कितीतरी पटींनी भराभर पाणी ओढतं. आता साधा हिशोब करू. १८ इंच रुंद, ३० इंच उंच आणि १८ मिलिमीटर जाड शटरच्या पुढच्या-मागच्या बाजू मिळून साडेसात चौरस फूट होतात, तर चारही कडा मिळून अर्धा चौरस फूटही भरत नाहीत. म्हणजे एकूण पृष्ठभागाच्या सुमारे ६ टक्के. ग्राहकाचा सगळा विचार आणि जवळजवळ सगळा पैसा उरलेल्या ९४ टक्क्यांवर जातो, त्यातही फक्त पुढच्या निम्म्यावर. पत्र्याच्या छपरात पाणी पत्र्यातून येत नाही, सांध्यातून येतं. शटरचंही तसंच आहे.

या नजरेनं पाहिलं तर फिनिशची नेहमीची प्रतवारी, म्हणजे सनमायका साधी, ॲक्रिलिक त्याच्या वरचं आणि पीयू सगळ्यात भारी, ही टिकत नाही. सनमायका म्हणजे लॅमिनेट. तपकिरी क्राफ्ट कागदाचे थर फिनॉलिक रेझिनमध्ये आणि वरचा रंगीत कागद मेलामाइन रेझिनमध्ये भिजवून, उष्णता आणि मोठा दाब देऊन केलेला तो एकजीव तक्ता. एकदा घट्ट झालेली ही रेझिनं पुन्हा वितळत नाहीत. त्यामुळे लॅमिनेटचा चेहरा तेल, वाफ, साबण, घासणी यांना सहसा दाद देत नाही. त्याचा कमकुवतपणा एवढाच की तो तक्ता कडेपाशी कापलेला असतो आणि तिथे वेगळी पट्टी लावावी लागते. ॲक्रिलिकचंही तसंच, शिवाय त्यात आणखी एक अडचण. तापमान वाढलं की ॲक्रिलिक लाकडी पाट्यांपेक्षा बरंच जास्त वाढतं. ७० सेंटिमीटर उंचीचा सुटा तक्ता २० अंश फरकाला जवळपास एक मिलिमीटर वाढेल. तोच बोर्डाला चिकटवलेला असला की तो ताण गोंदावर आणि कडेच्या पट्टीवर येतो. मेंब्रेनमध्ये पीव्हीसीचा पातळ पापुद्रा निर्वात दाबानं एमडीएफच्या चेहऱ्यावर आणि चारही कडांवर सलग बसवतात. कडेला सांधाच नाही, म्हणजे माझ्या युक्तिवादाप्रमाणे हे सर्वांत उत्तम ठरायला हवं, आणि सिंकपाशी ते खरोखर बऱ्यापैकी टिकतं. पण पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं. शेगडीच्या शेजारी, ओव्हनच्या बाजूला, कुकरच्या शिट्टीच्या थेट वर ते आक्रसतं आणि मागच्या कोपऱ्यापासून सुटायला लागतं. म्हणजे त्याचीही हार कडेपाशीच, फक्त कारण पाण्याऐवजी उष्णतेचं.

पीयू रंगाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्यात चांगलं आणि वाईट काम बाहेरून सारखंच दिसतं. रंग आणि हार्डनर मिसळून फवारलेला हा थर सलग असतो, सहाही बाजूंनी देता येतो, आणि टवका उडालाच तर पुन्हा घासून रंगवता येतो. पण एमडीएफची कड पहिला हात पिऊन टाकते. तिथे सीलर देऊन, घासून, पुन्हा सीलर देऊन, पुन्हा घासावं लागतं. घाईच्या कामात चेहऱ्याला प्रायमरचे पूर्ण हात मिळतात, कडेला फवाऱ्याचा जाता जाता बसलेला तुषार मिळतो आणि मागच्या बाजूला एखादाच हात. ताब्यात घेताना तिन्ही ठिकाणी सारखीच चमक असते, फरक कळतो तो दुसऱ्या पावसाळ्यात. पांढऱ्या पीयूला आणखी एक प्रश्न हार्डनरचा असतो. ॲरोमॅटिक जातीचा स्वस्त हार्डनर उजेडानं पिवळा पडतो, ॲलिफॅटिक जातीचा फारसा पडत नाही. रंगाची कंपनी विचारणारे पुष्कळ भेटतात. हार्डनर कोणता, हे क्वचितच कुणी विचारतं, आणि पांढरं स्वयंपाकघर पिवळं का पडलं याचं उत्तर पुष्कळदा तिथे असतं.

आता आपल्या भागाच्या हवेकडे येऊ, कारण शोरूममध्ये ती येत नाही. एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला सरासरी ५,५०० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तर माण तालुक्यात आणि त्याला लागून सांगलीच्या आटपाडी-जत पट्ट्यात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास राहतो. शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या अंतरात एवढा फरक महाराष्ट्रातही फार ठिकाणी सापडत नाही. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या बाजूला जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर राहते, आणि अशा हवेत लाकूड स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत ओलावा धरून बसतं. आटपाडीच्या एप्रिलमध्ये तोच आकडा ७-८ टक्क्यांवर उतरतो. म्हणजे पाण्याचा थेंबही न लागता बोर्ड वर्षभर फुगतो आणि आटतो. अशा वेळी पुढच्या बाजूला एक मिलिमीटरचं लॅमिनेट आणि मागे नुसता रंग किंवा कागदासारखं पातळ लायनर असेल, तर मागची बाजू जास्त ओलावा घेते, जास्त फुगते आणि शटरला बाक येतो. मग बिजागरीला दोष दिला जातो, बिजागऱ्या बदलल्या जातात, दार मात्र वाकडंच बसतं. दोन्ही बाजूंना सारख्या जातीचं आणि जवळपास सारख्या जाडीचं आवरण असेल तर ही ओढाताण तोलली जाते. कोयनेच्या काठावरच्या घरात मागची बाजू वाचवणं म्हणूनच परवडत नाही. दुष्काळी पट्ट्यात प्रश्न वेगळा. तिथे बोअरचं जड पाणी वाळलं की क्षारांचे पांढरे डाग राहतात, आणि काळ्या किंवा गडद निळ्या चकचकीत शटरवर ते पहिल्याच महिन्यात डोळ्यात भरतात. ते घालवायला घासणी वापरली की ॲक्रिलिकचा चेहरा ओरखड्यांनी भरतो. तिथे फिकट रंगाचं लॅमिनेट हा मला सर्वांत समंजस पर्याय वाटतो.

चेहऱ्याचं महत्त्व मी अजिबात मानत नाही असं नाही. एका बाबतीत चेहऱ्याची परीक्षा अवश्य घ्यावी, आणि ती परीक्षा सांगलीच्या माणसाला सांगायला नको. हळदीची बाजारपेठ म्हणून सांगलीचं नाव देशभर आहे, २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या हळदीचा रंग म्हणजे कर्क्युमिन. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही, गरम तेलात मात्र सहज विरघळतं, आणि फोडणीच्या उडालेल्या थेंबात हळद आणि गरम तेल एकत्र येतात. सच्छिद्र पृष्ठभाग असेल तर तेल आत जातं आणि रंग सोबत नेतं. मॅट पीयू, नीट न भरलेलं व्हिनिअरचं पॉलिश, खडबडीत पोताचं लॅमिनेट यांत हा डाग बसतो. वर साबणाचा किंवा सोड्याचा हात मारला की अल्कलीमुळे पिवळा डाग लालसर होतो, आणि काहीतरी जळलं या समजुतीनं आणखी जोरात घासलं जातं. उन्हात कर्क्युमिनचा रंग उडतो, त्यामुळे खिडकीसमोरच्या शटरवरचे डाग काही दिवसांत फिके होतात आणि शेगडीखालच्या ड्रॉवरवरचे तसेच राहतात. म्हणून नमुना निवडताना घरूनच चमचाभर गरम तेलात हळद आणि आपलं रोजचं कांदा-लसूण तिखट घालून त्याचा थेंब नमुन्यावर टाकावा, वाटी उपडी घालून रात्रभर ठेवावा आणि सकाळी साध्या साबणानं पुसावा. दुसरा एक तुकडा मागावा, ज्याला कडेची पट्टी प्रत्यक्ष लावलेली आहे, आणि तो बोटभर पाण्यात रात्रभर उभा करून ठेवावा. या दोन परीक्षांतून जे कळतं ते रंगाच्या पुस्तकातून कधीच कळणार नाही. जो विक्रेता दुसरा तुकडा द्यायला खळखळ करतो, त्याच्याकडून काम घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो मरीन प्लायचा. आयएस ७१० ची प्लाय घेतली की पाण्याची काळजी संपली, असं कारागीरही सांगतात. या मानकातली उकळण्याची परीक्षा ७२ तासांची आहे, ही गोष्ट खरी आहे आणि ती छोटी नाही. पण ती परीक्षा थरांमधल्या गोंदाची आहे. फिनॉलिक गोंद उकळत्या पाण्यातही थर सुटू देत नाही. थरांमधलं लाकूड मात्र पाणी पितंच, फुगतंच, आणि त्यावर चिकटवलेल्या लॅमिनेटचा गोंद साधा पांढरा पीव्हीए असेल तर तो पाण्यात मऊ पडतो. प्लाय उत्तम राहते आणि सनमायका उचलते, असं दृश्य त्यामुळेच दिसतं. चांगली प्लाय ही कडा बंद करण्याची जागा घेऊ शकत नाही, ती फक्त चुकीला थोडा वेळ देते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लाकूडच नको, पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसी बोर्ड घ्या, स्टीलची कपाटं घ्या, नाहीतर सरळ जुना कडाप्पाच ठेवा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या घरात गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. गावभाग-खणभागासारख्या वस्त्यांत पाणी घरात दिवसचे दिवस राहिलं, आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. एवढ्या पाण्यापुढे कोणतीही पट्टी, कोणताही सीलर टिकत नाही, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डाचा तर लगदा होतो. कडाप्पा आणि चांगलं स्टील धुऊन पुन्हा वापरता येतं. म्हणून पूररेषेतल्या घरांच्या बाबतीत मी हा आक्षेप जसाच्या तसा मान्य करतो. तिथे खालचा सांगाडा दगडाचा किंवा ३०४ जातीच्या स्टीलचा असावा, आणि लाकडी शटर ठेवायचीच असतील तर पाणी चढायच्या आत बिजागरीवरून झटकन काढून वर नेता येतील अशी असावीत. पण हा नियम सगळ्या घरांना लावणं मला पटत नाही. पीव्हीसी बोर्ड पाण्याला दाद देत नाही, तरी शेगडीच्या उष्णतेशी त्याचं पटत नाही आणि जड दाराच्या बिजागरीचा स्क्रू त्यात प्लायसारखा पकड धरत नाही. स्टीलचा पत्रा आतून कशावर गुंडाळला आहे हे पाहावं लागतं, आणि तिथे पुन्हा कडेचाच प्रश्न उभा राहतो. लॅकर्ड ग्लासची दारं ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसवलेली असतात, त्यामुळे कड हा विषयच संपतो. हळद काचेत शिरत नाही. पण चार मिलिमीटरची काच चौरस मीटरला दहा किलो भरते, आणि तो भार चौकटीला आणि बिजागरीला रोज पेलावा लागतो. वरच्या कपाटांना, शेगडीच्या दोन्ही बाजूंना मी ती आनंदानं सुचवतो.

तिसरा आक्षेप सौंदर्याचा आहे आणि त्याला कमी लेखण्याचा मला अधिकार नाही. स्वयंपाकघर आता हॉलला उघडं असतं, पाहुणा सोफ्यावर बसल्या बसल्या ओटा पाहतो, आणि ज्या बाईचा दिवसातला मोठा वेळ तिथे जातो तिला ते देखणं हवं असणं पूर्ण रास्त आहे. लाकडाच्या खऱ्या पोताची ओढही मला समजते. आपल्या शेजारी मिरजेत सतार-तानपुऱ्यावर लाखेचं पॉलिश कापडाच्या बोळ्यानं, थरावर थर देत चढवतात, आणि त्या खोलीची बरोबरी कुठलाही छापील कागद करू शकत नाही. पण त्याच लाखेवर गरम भांडं ठेवलं तर ती पांढरी पडते, आणि सोड्याच्या पाण्यानं पुसली तर विरघळू लागते. वाद्याला वाफ, तेल आणि घासणी यांच्याशी झुंजावं लागत नाही म्हणून तिथे ती योग्य आहे. यातून मार्ग असा निघतो की सगळ्या स्वयंपाकघराला एकच फिनिश हा हट्ट सोडायचा. हॉलमधून दिसणाऱ्या उंच कपाटाला व्हिनिअर द्या, ते पाण्यापासून दूर असतं. शेगडीच्या आणि सिंकच्या पट्ट्याला लॅमिनेट द्या, रंग जुळवून. एकसारखेपणाचा आग्रह धरला की बहुतेक वेळा सर्वांत नाजूक फिनिश सर्वांत कठीण जागी जाऊन बसतं.

राहतो प्रश्न पैशाचा आणि कारागिराचा. कडेला पट्टी चिकटवायचं यंत्र सगळ्यांकडे नसतं. कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीपासून लांब, गावातच सुताराकडून काम करून घेणारा माणूस गरम गोंदाची पट्टी कुठून आणणार? त्यानं ती आणायलाच हवी असं नाही. प्लायला सागवानी पट्टीचं लिपिंग करून, त्यावर लॅमिनेट घेऊन, कड कानशीनं साफ करून दोन हात पॉलिश देणं ही जुनी रीत आजही उत्तम आहे, फक्त खालची कडही त्यात धरलेली असली पाहिजे. यंत्रावर काम होत असेल तर गोंद कोणता हे विचारावं. नेहमीचा ईव्हीए गोंद उष्णतेनं पातळ करून लावतात आणि कुकरच्या वाफेसारख्या उष्णतेनं तो पुन्हा मऊ होऊ शकतो. पीयूआर जातीचा गोंद हवेतल्या ओलाव्यानं कायमचा घट्ट होतो, महाग पडतो, पण सिंक आणि शेगडीच्या पाच-सहा शटरपुरता तरी परवडतो. एका शटरचा घेर आठ फूट धरला तर तेवढ्या शटरसाठी चाळीस-पन्नास फूट पट्टी लागते. दोन गोंदांच्या खर्चातला फरक चकचकीत ॲक्रिलिकऐवजी साधं लॅमिनेट घेऊन सहज भरून निघतो. कोटेशनवर सहसा बोर्डाचं नाव, चेहऱ्याच्या फिनिशचं नाव आणि दर एवढंच असतं. त्यात चार ओळी वाढवून घ्याव्यात: कडेच्या पट्टीची जाडी, तिचा गोंद, मागच्या बाजूचं आवरण, आणि सिंकच्या पाइपसाठी कपाटाच्या पाठीला पाडलेल्या भोकांच्या कडा सीलरनं बंद करणं. शेवटची ओळ वाचून कारागीर हमखास विचारतो की ती भोकं कुणाला दिसणार आहेत. प्लंबरनं करवतीनं पाडलेलं आणि तसंच उघडं सोडलेलं ते भोक हीच पुष्कळ कपाटांत कुजण्याची पहिली जागा असते, हे त्याला तेव्हाच सांगावं आणि सीलर समोर उभं राहून मारून घ्यावा.